बाहेर यायचं दार

माझ्या आत्याने आयुष्यभर लोकांना बाहेर कसं पडायचं ते शिकवलं.
आज सकाळी ती स्वतः निघून गेली.

आत्याचं माहेर शिंगणापूर. म्हणजे आमचं घर.
चौकट आहे, पडदा आहे. दार नाही.

अशा घरातली मुलगी मुंबईत मोठमोठ्या पेन्शन फंडांची, विमा कंपन्यांची वकील झाली. त्यांनी आपला पैसा गुंतवायला कुणाच्या हाती द्यायचा आणि कोणत्या अटींवर, यावर तिचा सल्ला.

गावात हे कुणाला पटायचं नाही. कोर्टात उभी राहत नाही ती कसली वकील, म्हणायचे.
ती म्हणायची, "मी भांडणाच्या आधीची वकील."

कुठलाही करार हातात आला की तिचा पहिला प्रश्न ठरलेला.
"आत जायचं दार सगळेच दाखवतात. बाहेर यायचं कुठंय?"

रिटायर होऊन ती नगरला आली, तेव्हा मी वकिली सोडून घरी बसले होते. मुलं मोठी झालेली, माझी चाळिशी उलटलेली. आता मला कोण काम देणार, म्हणून एकदा तिच्यापुढे रडले.
तिने आधी पाणी दिलं. मग एक जाडजूड ॲग्रीमेंट.
"वाच. दार शोध."

असे बरेच करार वाचले. तिच्या शेजारी बसून.

मग राहुरीकडच्या एका संस्थेचं काम आलं. कर्मचाऱ्यांचा निवृत्ती निधी एका कंपनीकडे सोपवायचा होता. शिपायापासून प्राध्यापकापर्यंत सगळ्यांची म्हातारपणाची पुंजी.
आणि आत्या हॉस्पिटलमध्ये.

"तू जा."
"मला नाही जमणार, आत्या."
"करार वाचलास ना? दार सापडलं?"
"नाही."
"मग तेच सांगून ये."

मीटिंगला गेले तर पेढेसुद्धा आलेले. फक्त सह्या बाकी.
मी कसंबसं म्हटलं, तुमचं काम पटलं नाही तर निधी परत कसा घ्यायचा, हे यात कुठेच लिहिलेलं नाही.

कंपनीचे साहेब हसले. "मॅडम, मांडवात बसून काडीमोडाचं काय काढताय?"

सगळेच हसले. मला वाटलं, संपलं.

तेवढ्यात कर्मचाऱ्यांचे प्रतिनिधी, पवारतात्या, शांतपणे म्हणाले, "इचारू द्या की, सायेब. लेक देताना माहेरची वाट बंद करून न्हाई देत आमी."

आता कुणी हसत नव्हतं.

त्या दिवशी सह्या झाल्या नाहीत. पेढे मात्र संपले.
पुढच्या आठवड्यात करारात नवं कलम आलं. महिन्याची नोटीस द्या, निधी परत घ्या, दंड नाही. मग सह्या झाल्या.

मी थेट हॉस्पिटलमध्ये.
"सापडलं दार?"
"नव्हतंच. बसवून घेतलं."

डोळे मिटून हसत राहिली. मग मुंबईची इतकी वर्षं बाजूला ठेवून अस्सल गावच्या भाषेत म्हणाली, "लई भारी."

काल देवळाली प्रवराच्या एका पतसंस्थेचा फोन आला. त्यांना करार दाखवायचा होता.
आत्याला नाही. मला.
तिला सांगितलं. ऐकलं तिने. माझा हात दाबला.

आज दुपारी तिला शिंगणापूरला, घरी आणलं.
शेवटचं बाहेर नेताना कुणाला दार उघडावं लागलं नाही. पडदा मी धरला.

आमच्याकडे निघताना 'जाते' म्हणत नाहीत.

ये, आत्या.