न मापलेल्या पेट्या

वर्कशॉपवरून जाताना कूलंटचा आंबूस वास आला, की माझा हात अजूनही खिशाकडं जातो. मी सरकारी तपासनीस होतो; लष्कराच्या सुट्या भागांवर, मापून पास झाले की ठोकायचा सरकारी ठसा तिथंच असायचा, आणि तो दुसऱ्याच्या हाती द्यायचा नाही, असा नियम होता. ऑफिसातल्या निम्म्या जागा रिकाम्या, त्यामुळं बारामती एमआयडीसी आणि इंदापूर मी एकटाच बघायचो. एकदा इंदापूरला निघायच्या घाईत मी ठसा कंत्राटी मदतनिसाकडं दिला. पणदऱ्याचे, पिकल्या मिशांचे तात्या. त्यांचा पगार माझ्या पगाराच्या चौथाईसुद्धा नव्हता. "सगळ्या पेट्यांतल्या भागांवर ठोकून टाका," म्हणालो. संध्याकाळी परतलो तर निम्म्या पेट्या तशाच. तात्यांनी ठसा रुमालात गुंडाळून परत दिला. "सायब, मापलं तेवढ्यावरच ठोकलाय. बाकीचं उद्या मापतो." बाहेर माल न्यायला ट्रक उभा होता. मी हातोडी उचलली आणि उरलेल्या भागांवर त्यांच्यादेखत ठसा ठोकत सुटलो. तात्यांनी मायक्रोमीटर पुसला, डबीत ठेवला आणि ते माझं होईपर्यंत भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. आता पेन्शन वेळेवर येते. ते भाग कुठं बसवले, हे विचारायचं धाडस माझं आजवर झालेलं नाही.