पुन्हा चावा

कवळीवाल्याने बनवलेली कवळी पस्तीस वर्षांत एकदाही परत आली नव्हती, आणि ही गोष्ट तो कुणी विचारो न विचारो सांगत असे. दातांच्या दवाखान्यामागे एका अरुंद खोलीत, खिडकीशी त्याचं टेबल होतं. त्यावर स्पिरिटचा दिवा, मेणाच्या गुलाबी पट्ट्या, लहानमोठ्या कोरण्या. फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, प्रत्येकावर पेन्सिलीने नाव. रस्त्यात भेटलेला माणूस त्याला चेहऱ्यावरून ओळखू येत नसे. हसला की लगेच ओळख पटे.

एकच जबडा त्याने भिंतीकडे तोंड करून ठेवला होता. तो त्याच्या थोरल्या बहिणीचा.

ताईची कवळी त्याने सहा महिन्यांपूर्वी केली. घरचंच माणूस, म्हणून डॉक्टरांनी मापंही त्यालाच घेऊ दिली. या कामात एक नाजूक टप्पा असतो. दोन्ही हिरड्यांवर मेण बसवायचं आणि माणसाला नेहमीसारखा, सहज जबडा मिटायला सांगायचं. दवाखान्यात याला ‘चावा घेणं’ म्हणतात. चावा बरोबर आला तर पुढचं सगळं बरोबर. पण ताई म्हणजे रात्रंदिवस वाहणारा नळ. तोंडात मेण असतानाही ती शेजारच्या खुर्चीतल्या इंग्रजीच्या बाईंना, या धाकट्याने लहानपणी साबणाची वडी कशी खाल्ली ते सांगत होती. बाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. हा ओशाळला आणि चारचौघांत खेकसला, “तोंड मिट म्हटलं की मिटावं! जन्मभर नुसती बडबड!”

ताईने तोंड मिटलं, दातखीळ बसावी तसं. ताठलेला जबडा तांदळाच्या दाण्याएवढा डावीकडे सरकला. त्याला ते दिसलं. पुन्हा घ्यायला हवा, हेही कळलं. पण पुन्हा घ्यायचा तर आधी तिच्याशी गोड बोलावं लागलं असतं. त्याने मेण उचललं आणि तसाच कामाला लागला.

कवळी घालून पाहिल्यावर ताई म्हणाली, “छान झालीय.” दोनच शब्द! ताई दोन शब्दांवर थांबली की घरातले सगळे तिला ताप आलाय का बघत.

एक दिवस भाची दवाखान्यात आली. “मामा, आई हल्ली आमच्या पंगतीला बसत नाही. मागाहून एकटी जेवते, कवळी काढून. सगळं पातळ करून गिळते. तुम्हाला सांगायचं नाही म्हणून दम दिलाय. धाकट्याचं नाव जाईल म्हणते.”

भाची गेली. कवळीवाला हातातली कवळी घासत राहिला. ती इंग्रजीच्या बाईंची होती, आणि बाई समोरच बसल्या होत्या.

“बाई,” तो म्हणाला, “सॉरी म्हणजे नेमकं काय हो?”

“इतकी वर्षं शिकवलं, हे कुणी विचारलं नाही!” बाई बोळक्या तोंडाने खुलल्या. “सॉरी म्हणजे मुळात दुखरा. दुखणं, जखम अशा अर्थाच्या जुन्या शब्दापासून झालाय. आता कुणाच्या पायावर पाय पडला तरी म्हणतात. झिजून गुळगुळीत झालाय.”

“याहून दणकट काही? आपण केलेलं आपल्यालाच आतून डाचतं, त्याला?”

“रिमोर्स.” शेवटचा ‘स’ नुसती हवा होऊन निघाला. “लॅटिनमधून, फ्रेंचांच्या हातून आला. मॉर्डेरे म्हणजे चावणं, री म्हणजे पुन्हा. आपलं मन खातं ना? त्यांचं चावतं. परत परत.”

“पुन्हा चावा?”

“शब्दशः घेतलंत तर तसंच.”

कवळीवाल्याने शब्दशः घेतलं. “मग तेच तर करायला हवं!” म्हणत त्याने दिवा आणि मेण पिशवीत घातलं आणि निघाला.

“अहो, अर्थ तसा नाही!” बाई मागून ओरडल्या. “आणि माझे दात?”

दात त्यांच्या हातात ठेवायला तो तेवढा परत आला.

ताई पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होती. कवळी वाटीत, पाण्यात.

“सॉरी, ताई.”

“आज हे काय नवीन?”

“सॉरी म्हणजे मुळात दुखरा. बाई म्हणाल्या.”

“मग सॉरी मी आहे. हिरडी माझी दुखतेय.”

त्याला हसू आलं नाही. “त्या दिवशी चारचौघांत तोडून बोललो. आणि चावा चुकलाय हे मला तेव्हाच दिसलं होतं. तरी तशीच करून दिली.”

ताईचा हात घडीवरच थांबला. “दिसलं होतं? मला वाटलं, तुझ्या ध्यानात आलं नसेल. म्हणून मी झाकत बसले.”

“दिसलं होतं.”

तिने ती घडी मोडली आणि पुन्हा घालायला घेतली. कवळीवाला पिशवी छातीशी धरून उभा होता. शाळेत अंगठे धरून उभं राहणं याहून सोपं होतं.

“पुन्हा चावा घेऊ देशील?” त्याने विचारलं.

“मधे बोलले तर?”

“बोल.”

“साबणाचं?”

“ते आधी सांग.”

त्याने मेण ऊन केलं. ताई साबणापासून निघाली ती त्याच्या लग्नातल्या फजितीपर्यंत पोचली. तोंडातल्या मेणामुळे निम्मं कळत नव्हतं. निम्मं त्याला पाठ होतं. शेवटी ती दमली, आवंढा गिळला, आणि जबडा आपसूक मिटला, जिथे मिटायला हवा तिथेच.

दहा दिवसांनी नवी कवळी घालून ताई सगळ्यांबरोबर जेवायला बसली. भाचीने ताटात मुद्दाम गाजर ठेवलं होतं. ताईने ते कडाड्कन मोडलं, डावीकडे चावलं, उजवीकडे चावलं. घास घशाखाली जाईपर्यंत कुणी श्वास सोडला नाही.

“बसली,” ती म्हणाली. “आता तोंड नीट चालतंय, तर ऐक. दिसत असून दिलीस, याबद्दल मी अजून एक अक्षर बोललेले नाही.”

आणि ती सुरू झाली. जेवण संपलं, ताटं वाळली, तरी चालूच. कवळीवाला मान खाली घालून ऐकत होता. पण दात कसे मिटतात ते बघायला मधेच डोकं वर काढी, आणि चावा बरोबर बसलेला बघून त्याचा चेहरा खुले. ताईला वाटे, हा हसतोय. मग ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करी.