धोट्यांचं तोरण

सकाळी गाळ्याचं शटर वर केलं आणि आधी टेबलाकडे बघितलं. आदल्या संध्याकाळी मारलेला पोपटी रंग जागोजागी काळवंडला होता. बोट लावलं, तर रंगाची सालच हातात आली. पाडवा तोंडावर, आणि तोरणाची ही दशा.

माझं भिवंडीत फर्निचर पॉलिशचं आणि रंगकामाचं वर्कशॉप आहे. देव्हारे, कपाटं, पलंग, असली कामं येतात. हे काम घेऊन आल्या त्या खारबावच्या सुमनकाकी. इथल्याच नारपोलीत त्यांच्या यजमानांचे चार लूम, म्हणजे यंत्रमाग, होते आणि कारागिरांबरोबर ते स्वतःही लूमवर उभे राहायचे. ते गेले. लूम भंगारात गेले. काकी मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्या, सोबत एक पोतं घेऊन. पोत्यात धोटे होते.

धोटा म्हणजे लूमवर आडवा धागा इकडून तिकडे नेणारं लाकूड. होडीसारखा आकार, दोन्ही टोकांना लोखंड, मधल्या पोकळीत धाग्याची कांडी. दिवसभर तो नुसता धावत असतो.

काकींच्या सुनेने त्यांना मोबाइलवर एक फोटो दाखवला होता. थंडी सरली की तिकडे परदेशात दारावर रंगवलेल्या लाकडी फुलापानांचं गोल कडं टांगतात, त्याचा. काकींना तसंच पाहिजे होतं, पण धोट्यांचं. टोकाला टोक चढवून गोल करायचं आणि वरून लाकडाची कापलेली आंब्याची पानं, मोहोर आणि पांगाऱ्याची लाल फुलं बसवायची.

घरात माणूस गेलं की वर्षभर सण नसतो. आदल्या पाडव्याला काकींच्या दाराला आंब्याचं पानही लागलं नव्हतं.

"आता वरीस झाला, बाय," त्या म्हणाल्या होत्या. "औंदा दार बोडका नको."

मी हो म्हटलं. पानंफुलं सुतारकामाच्या उरलेल्या फळ्यांतून कापली, ती छान रंगली. धोट्यांनी मात्र रंग धरला नाही.

आमचे स्प्रे पेंटर अन्वरभाई तरुणपणी लूमच चालवायचे. त्यांनी तो पोपटी धोटा उलटसुलट करून बघितला.

"दीदी, इसने उमरभर तेल पिया है. अब रंग किधर बैठेगा?"

"मग काल मारताना का नाही बोललात?"

"आपने पूछा किधर?"

या माणसाशी वाद घालून आजवर कोणी जिंकलेलं नाही. मी हातमोजे चढवले.

रंगकाम म्हणजे ब्रश फिरवणं असं लोकांना वाटतं. आमचं निम्मं काम रंगाच्या आधीच होतं. लाकडात तेल मुरलं असेल तर ते आधी बाहेर काढावं लागतं. पॉलिश पेपरने घासा, थिनरने पुसा, वर खडूची पावडर थापा. पावडर तेल ओढून पिवळी पडते. झटका, पुन्हा थापा. चिकाटीचं काम आहे, अकलेचं नाही.

घासता घासता प्रत्येक धोट्यावर एकाच जागी बोट अडकू लागलं. तिथे लाकूड झिजून खळगी पडली होती. कांडी बदलताना अंगठा तिथे बसतो. मी माझा ठेवून बघितला, तो त्यात सैल बसला. काकांचा हात मोठा असणार.

आणि तो वास. माझे बाबाही नारपोलीत लूमवर होते. घरी आले की आधी तेलाचा वास यायचा, मग बाबा दिसायचे. बाबांना जाऊन पुष्कळ वर्षं झाली. त्या दुपारी गाळ्यात थिनरचा एवढा भपकारा होता, तरी मला तेवढा एकच वास येत होता. बाबा फार फार आठवले. हात पुढे चालेना.

मग मला कल्पना सुचली. बाकी सगळा धोटा रंगवायचा आणि अंगठ्याची जागा कोरी ठेवायची. एक धोटा तसा तयार केला आणि काकींना बोलावलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी येणार अशी माझी खात्री होती.

काकींनी धोटा हातात घेतला, नाकाशी नेला आणि लगेच खाली ठेवला.

"ह्ये सगला रंगव."

"काकी, ही काकांच्या अंगठ्याची जागा आहे. मुद्दाम ठेवलीय."

"मना म्हाईत हाय कोनाचा अंगठा हाय." मग हळू आवाजात विचारलं, "रंगवलं का वास जाईल ना?"

"तुम्हाला वास घालवायचाय?"

"बाय, शिफ्ट सुटली का दारानं आधी ह्यो वास यायचा, मंग ते. आता त्योच वास दाराला टांगला, तं मी रोज दार उघरून बघत बसन." त्यांनी पदर सारखा केला. "धोटे पायजेत मना. वाट बघनं नको."

अन्वरभाई उगाचच स्प्रे गन पुसत बसले.

मग मी खळग्याही घासल्या. लाख स्पिरिटमध्ये विरघळवून तिचे हात दिले. लाखेचा थर तेलाला आत दाबून ठेवतो, वासालाही. त्यावर प्रायमर, त्यावर रंग: कोवळ्या पालवीचा तांबूस, पोपटी, मोहोराचा फिकट पिवळा. पाडव्याच्या आदल्या दिवशी तोरण दाराला लागलं. काकींनी जवळ जाऊन हुंगलं आणि म्हणाल्या, "न्हाय येत." वास गेल्याचा मला आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही.

पानांचं तोरण सुकलं की उतरवतात. हे सुकणारं नव्हतं, त्यामुळे दारावरच राहिलं. वैशाखात काकींचा फोन आला.

"बाय, रंगाला डाग परलेत. येऊन बघ."

काम आमचं, चूक आमची. मी आणि अन्वरभाई डबे घेऊन गेलो. जिन्यातच मला वास आला. त्या दाराला दुपारचं ऊन लागत होतं. उन्हाने तेल वर चढलं होतं आणि प्रत्येक धोट्यावर त्याच जागी अंगठ्याएवढा काळपट डाग उमटला होता.

"उतरवून नेते, काकी. पुन्हा घासून देते. पैसे नकोत."

काकी उंबऱ्यात उभ्या होत्या. दार सताड उघडं होतं.

"ऱ्हाऊ दे."

"अहो, तुम्हीच फोन केलात ना?"

"केला. तवा वाटला, डाग काराया पायजे." त्यांनी एका डागावर अंगठा ठेवला. "रोज नको म्हनलं व्हतं. उन्हालाभर येतात, तं येऊ दे."

आम्ही डबे न उघडता चहा पिऊन परत आलो.

तेव्हापासून तेल मुरलेल्या लाकडाची मी गॅरंटी देत नाही. गिऱ्हाइकाला आधीच सांगते: वरून कितीही रंग द्या, ऊन लागलं की ते वर येणार.