नेटाचे हातमोजे

हेस्टर मॉसपच्या स्वयंपाकघरातला तराजू हल्ली कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर, केकच्या रिकाम्या डब्यांमागे असतो. केक करायचा झाला तर ती पीठ वाटीने मोजते. विल्फने, तिच्या नवऱ्याने, एकदाच विचारलं, "तराजू बिघडला का गं?" ती "नाही" म्हणाली आणि सिंककडे वळून धुतलेलीच भांडी पुन्हा धुवायला लागली. विल्फने विषय सोडला.

पूर्वी हाच तराजू टेबलाच्या मधोमध असायचा, आणि सगळ्या खोऱ्यात हेस्टरला तराजूबाई म्हणत. गावच्या शाळेत ती स्वयंपाकीण. सकाळभर बटाटे सोलायचे, दुपारी मोठी पातेली घासायची आणि संध्याकाळी डोंगर चढून धावत उतरायचं. आई गेली त्या वर्षी ती पहिल्यांदा अशी धावली आणि मग तिला ते सोडवेना. इथे अर्धं गावच डोंगर धावतं, त्यामुळे त्याचं कुणाला नवल नव्हतं. नवल होतं ते तिच्या हलकेपणाच्या ध्यासाचं. जाकिटाची लेबलं ती उसवून टाकायची. शर्यत नकाशाच्या ज्या कोपऱ्यात जात नाही तो कोपरा कापायची. मनुका नेमक्या मोजून घ्यायची.

"हेस्टर, श्वास तरी घेऊन निघालीस ना? का तोही जड म्हणून घरी ठेवलास?" धावणाऱ्यांच्या क्लबातले लोक चिडवायचे. तीही हसायची. बुटांची नाडी बांधताना ओठ हलवून छोटी प्रार्थना करायची, पाय जपून पडू दे एवढीच. आणि निघायची.

दर ऑक्टोबरातल्या जोडीच्या शर्यतीत तिची जोडीदार असायची नेटा फिअरन. नेटा तिच्याहून वयाने मोठी, विधवा, खोऱ्याच्या टोकाला तिच्या डोंगरी मेंढ्या. चढाला ती सावकाश, पण उताराला दगड सुटल्यासारखी. एकच खोट होती. थंडी लागली की तिची बोटं मेणबत्तीसारखी पांढरी पडायची आणि मग त्यांत जीव नसायचा. पन्नाशीपुढच्या बायकांच्या जोड्यांत या दोघी दर वर्षी दुसऱ्या यायच्या. पहिल्या यायच्या त्या पलीकडच्या खोऱ्यातल्या दोघी बहिणी. दर वर्षी त्याच.

त्या वर्षी शर्यतीच्या आधी दोघी तालुक्याच्या गावात क्लेमच्या दुकानी वरचे हातमोजे घ्यायला गेल्या. लोकरीचे मोजे आत आणि त्यावर पाणी अडवणारा हा दुसरा मोजा, अंगठा वेगळा, बाकी चार बोटांना एकच पिशवी. क्लेम गल्ल्याशेजारी पाण्याची बादली ठेवतो. मोजा घालून हात बादलीत बुडवायचा आणि मग त्याच हाताने त्याच्या जुन्या जाकिटाची चेन उघडायची. उघडली नाही तर तो मोजा तो विकत नाही.

नेटाने जाड, दुपदरी जोडी उचलली. मनगटाची बाही चांगली हातभर लांब. "हे बघ, माझ्या जाकिटाच्या बाहीवरून कसे चढतात. पाणी शिरायला वाटच नाही."

"अगं, हे मोजे आहेत का कोकरं?" हेस्टर म्हणाली. "दोन कांद्यांएवढं वजन आहे. ते पातळ बघ."

"पातळही चांगले आहेत बाई," क्लेम म्हणाला. "आतून शिवणीवर पट्टी चिकटवलेली आहे, थेंब जाणार नाही. बाही लांब आहे आणि ही मनगटात अडकवायची नाडी. मोजा काढला तरी हाताला लोंबत राहतो. वाऱ्यात ही नाडीच खरी कामाची."

नेटाने पातळ मोजा घातला, हात बुडवला, चेन उघडली. "ठीक आहेत. तू म्हणतेस तर हेच घेऊ. तुला माझ्यापेक्षा कळतं."

तुला माझ्यापेक्षा कळतं. हे वाक्य हेस्टरला पुढे कित्येक महिने भांडी घासताना ऐकू येणार होतं.

शर्यतीच्या आदल्या दिवशी मेंढ्यांचा बाजार. नेटाला एक नर विकायचा होता, म्हणून ती आपली सॅक हेस्टरच्या ओट्यावर टाकून गेली. "तूच भर बाई माझीही. माझे हात बघ." नराच्या छातीला खुणेसाठी लावायच्या लाल रंगाने तिचे हात कोपरापर्यंत माखले होते.

हेस्टरने दोघींचं सामान तराजूवर मांडलं. मोज्यांची आपली जोडी ठेवली, काटा पाहिला आणि कात्री घेतली. लांब बाही कापली. नाड्या कापल्या. कापलेली कड दुमडून इतकी सुबक टीप मारली की दुकानातला माल वाटावा. मग नेटाची जोडी उचलली. हात जरा थांबला. ते मोजे तिचे नव्हते. पण बहिणींचे चेहरे डोळ्यांपुढे आले. गेल्या वर्षी बक्षीस घेताना धाकटी म्हणाली होती, "बिचाऱ्या, दर वेळी किती जवळ येतात ना!"

तिने कात्री चालवली. तराजूबाईची नजर काट्यावर होती. कापून काय उरलं आणि काय गेलं, इकडे तिने पाहिलंच नाही.

सकाळी मैदानात सक्तीच्या सामानाची तपासणी झाली. तपासणाऱ्याने सॅकमध्ये डोकावून "मोजे? आहेत," म्हणत खूण केली. नेटाने मोजे बघितलेसुद्धा नाहीत. आपल्या जोडीदारणीने भरलेली सॅक पुन्हा उचकून बघणं आमच्याकडे अपमानाचं मानतात.

वाटेतल्या पहिल्या तीन चौक्यांवर हेस्टर आणि नेटा बहिणींच्या पुढे होत्या. मग कड्याच्या माथ्यावर गारा सुरू झाल्या. आधी हेस्टरच्या लक्षात आलं की बोटं ओली होत आहेत. तिने मारलेल्या टिपेच्या प्रत्येक भोकातून पाणी झिरपत होतं, आणि आखूड कडेतून जाकिटाच्या बाहीचं सगळं पाणी मोज्यात उतरत होतं. पेल्यात ओतावं तसं. ती तशीच पुढे चालत राहिली.

माथ्यावरच्या चौकीवर, पोचल्याची नोंद म्हणून, बोटाला बांधलेली चिप यंत्रात घालायची असते. नेटाने उजवा मोजा ओढून काढला आणि सोडून दिला. सगळेच असं करतात, न बघता, कारण तो मनगटाला लोंबतोच. हा लोंबला नाही. वाऱ्याने उचलला, एकदा दगडावर आपटला आणि कड्यावरून खाली दरीत नेला.

नेटा रिकाम्या मनगटाकडे बघत राहिली. "हात् तिच्या. सुटला माझ्या हातून. नाडी तुटली वाटतं."

सांगायची वेळ ती होती. आपल्या हातातला मोजा काढून द्यायची वेळही तीच होती. हेस्टरने मागे वळून पाहिलं. बहिणींची पिवळी जाकिटं धुक्यातून वर येत होती.

"हात खिशात घाल," ती म्हणाली. "दोनच चौक्या उरल्यात. चल."

नेटा चालली. खिशात हात घालून कुणी डोंगर उतरू शकत नाही, हे दोघींनाही ठाऊक होतं. गवताला धरायला, दगडाला टेकायला तिला हात बाहेर काढावा लागत होता. दगडी कुंपणाशी आल्यावर ती वर चढायला गेली आणि तिच्या बोटांनी दगड धरलाच नाही. ती पाठीवर पडली. लागलं फारसं नाही. पण उठून बसली तेव्हा हसून म्हणाली, "पोरी, माझ्या पाटलोणीची गाठ सुटलीय आणि मला ती बांधता येत नाही गं. बांधतेस का?"

हेस्टर गुडघ्यावर बसली. गाठ बांधता बांधता तिला नेटाचा हात दिसला. पांढरा नव्हता आता, निळसर राखाडी होता. तेव्हा कुठे तिने आपले दोन्ही मोजे काढून नेटाला चढवले. ओलेचिंब आणि थंडगार. बहिणी "बरं आहे ना?" असं विचारून, थांबून, हेस्टरने हाताने जा अशी खूण केल्यावर पुढे गेल्या.

दोघी शर्यत सोडून रस्त्याकडे उतरल्या. तिथे शर्यतीच्या गाडीपाशी एक जाडजूड शेतकरी होता. त्याने नेटाचे हात पाहिले, कोट उघडला आणि ते सरळ आपल्या काखांत घेतले. "माझ्या बायकोला कळता कामा नये हं नेटाबाई."

"तुझ्या काखेत कुणी शिरेल यावर तिचा विश्वास बसायचा नाही रे," नेटा म्हणाली. मग बोटांत रक्त परतायला लागलं आणि ती रडली. नवऱ्याला मातीत ठेवताना न रडलेली बाई त्या शेतकऱ्याच्या छातीला कपाळ लावून हुंदके देत होती. आणि मध्येच मान वळवून म्हणाली,

"माझ्यामुळे गेली गं तुझी शर्यत. एक मोजा सांभाळता आला नाही मला. माफ कर."

हेस्टर म्हणाली, "असू दे."

असू दे! म्हणजे तिने नेटाला माफ केलं होतं.

हिवाळा गेला. नेटाच्या उजव्या हाताची तीन बोटं बधिरच राहिली. डॉक्टर म्हणाले, सावकाश सुधारेल, कदाचित. क्लबात कुणी तरी म्हणालं, "वय झालं नेटाचं, मोजासुद्धा धरवत नाही आता." हेस्टर तिथेच होती, चहाच्या कपात बघत. मटण-बटाट्याची ताटली घेऊन ती नेटाकडे जायची, दाराशी ठेवायची आणि शाळेची घाई आहे म्हणून पळायची. रविवारी चॅपलमध्ये आपापला अपराध मनात आठवायला सांगत तेव्हा ती भिंतीवरच्या फळीवरचे, त्या दिवशी गायच्या गीतांचे क्रमांक वाचत बसायची. देवाला तर सगळं ठाऊकच होतं. लाज तिला त्याची नव्हती तितकी त्या "असू दे"ची होती. बुटांची नाडी बांधायला ती पुन्हा बसलीच नाही.

एप्रिलमध्ये, सुट्टीतल्या एका सकाळी, नेटाचा फोन आला. "ये जरा. एक मेंढी अडलीय. माझी बोटं आत गेली तरी काय पाय आणि काय डोकं, मला समजत नाही. तुझा हात बारीक आहे."

हेस्टर गेली. गोठ्यात पेंढ्यावर मेंढी आडवी, नेटा तिची मान गुडघ्यांत धरून बसलेली. हेस्टरने बाही वर सारली, साबण लावला, आणि हात आत घातला. आतली ती ऊब हाताला लागली. हे काम नेटाचं होतं. हे सुख आयुष्यभर नेटाच्या बोटांचं होतं.

"नेटा, ते मोजे..."

"पाय लागतोय का?"

"नाडी तुटली नव्हती. मी कापली होती. बाहीसुद्धा. तुझ्या मोज्यांची. वजनासाठी. आणि तू माफी मागितलीस तेव्हा मी..."

"हेस्टर," नेटा म्हणाली, "आधी पाय शोध. मग रड."

हेस्टरने शोधला. एक पाय पुढे होता, दुसरा मागे मुडपलेला. नेटा सांगत गेली, खूर मुठीत झाक, आतून फाटायला नको, आता कळ येईल तिच्याबरोबर ओढ, घाई नको. कोकरू पिवळं, चिकट, पेंढ्यावर घसरलं. नेटाने त्याच्या नाकात गवताची काडी घातली. ते शिंकलं.

मेंढी कोकराला चाटत होती. नेटा आपल्या त्या तीन बोटांकडे बघत होती, अंगठ्याने एकेक चोळत.

"सगळ्या हिवाळ्यात मला वाटत होतं, मी म्हातारी झाले," ती शेवटी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "मेंढ्या विकायचा विचार करत होते मी. एक मोजा धरवत नाही तर कोकरू काय धरणार, म्हणून. कळलं तुला, तू काय केलंस ते?"

हेस्टरला मान वर करता आली नाही. "कळलं."

"नाही कळलं. पण कळेल. उद्या सकाळी ये. परवाही. अजून अर्धा कळप व्यायचाय, आणि हात तुझे लागणार."

"येईन."

हेस्टर बाहेरच्या नळावर हात धूत होती. पाणी डोंगरावरून येतं, बर्फासारखं. तिने नेहमीपेक्षा जास्त वेळ हात त्याखाली धरले. नेटा दारात येऊन उभी राहिली. तिने बधिर बोटांत जुना टॉवेल कसाबसा अडकवून पुढे केला.

"ऑक्टोबरला धावायचंय का तुला?"

हेस्टरने टॉवेल घेतला.

"मला धावायचंय," नेटा म्हणाली. "क्लेमकडचे ते जाड मोजे घेणार आहे मी. हातभर बाहीचे. आणि माझी सॅक मीच भरणार."