पापणीखालचं काम

माझ्या थोरल्या बहिणीच्या मुलीला घरात सगळे निवांत म्हणतात. नाव मीच ठेवलंय. शाळेची बस कोपऱ्यावर येऊन भोंगा वाजवायची तेव्हा ही पलंगावर बसून मोज्याची शिवण बोटांच्या सरळ रेषेत आणत असायची. मी घाईची बाई. चहा निवेपर्यंत मला दम निघत नाही, रोज जीभ भाजून घेते. त्यामुळे आमचं दोघींचं सख्य कसं जमलं हे ताईला कोडंच आहे.

बारावीनंतर ती चष्म्याचा नंबर काढायच्या कोर्सला गेली. पहिल्या वर्षाच्या पेपरात पाच प्रश्न होते. पहिल्यात डोळ्याची आकृती काढायची होती. बाईसाहेबांनी ती इतकी मन लावून काढली, एकेक रक्तवाहिनी छटा देऊन, की घंटा झाली. त्या प्रश्नाला पैकीच्या पैकी, उरलेल्या चारांत भोपळा! पुढच्या वर्षी तोच प्रकार. कॉलेजने नारळ दिला. ताई रडली. भाऊजी रागावले नाहीत, त्यांनी फक्त घरातल्या प्रत्येक खोलीत एकेक घड्याळ लावलं. न्हाणीघरातसुद्धा. ते जास्त वाईट होतं.

मग तिला डोळ्यांच्या दवाखान्यात कामाला ठेवलं. तिथे एका ड्रॉवरमध्ये तयार नकली डोळे असत, चपलांसारखे लहान-मोठे. ज्याचा डोळा गेलाय त्याने त्यातल्या त्यात जुळणारा उचलायचा. "चालून जाईल," असं सगळे म्हणत. निवांतला ते चालेना. ती समोरच्या माणसाच्या चांगल्या डोळ्याचं रंगीत पेन्सिलींनी चित्र काढून ठेवायची. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी ती चित्रं परदेशातल्या एका कारागीर बाईंना दाखवली. त्या प्रत्येक माणसासाठी वेगळा डोळा घडवत. त्यांनी निवांतला शिकायला बोलावलं.

"डोळे घडवायचे म्हणजे नक्की काय करायचं गं?" ताईने मला विचारलं.

"मला काय माहीत? पण पोरीला पहिल्यांदाच कुणी बोलावलंय, तर जाऊ दे," मी म्हटलं.

दोन वर्षं तिने तिथे मान मोडून काम केलं. शेवटी परीक्षा. एक माणूस समोर बसवायचा आणि दिवस संपायच्या आत त्याचा डोळा तयार करून द्यायचा. आधी पांढरा भाग, त्यावर लाल रेशमाचे केसाहून बारीक तंतू चिकटवून शिरा, मग समोरच्या डोळ्याकडे बघत बघत बुबुळाचे रंग, वर पारदर्शक थर, आणि पॉलिश. निवांत शिरांतच अडकली. वरच्या पापणीखाली जो भाग कायमचा झाकलेला राहतो, तिथेही तिने तंतू लावत आणले. बुबुळ अर्धं राहिलं. ये रे माझ्या मागल्या! नापास.

आणखी एकच संधी मिळणार होती. ती गेली की शिक्षण बंद आणि परतीचं विमान. ताईचा जीव टांगणीला लागला. तिचे गुडघे प्रवासाला तयार नव्हते, म्हणून मी गेले.

परीक्षेच्या आदल्या दिवशी कारागीर बाईंनी तिला समोर बसवून काहीतरी सांगितलं. मला भाषा कळली नाही, पण सूर ओळखीचा होता. माझाच होता.

"काय म्हणाल्या?"

"पापणीखालचं सोड म्हणाल्या. तिथे कुणी बघत नाही."

"मग? सोडशील ना?"

तिने लाल रेशमाचा एक तंतू उजेडात धरला आणि त्याची जाडी बघू लागली.

दुसऱ्या दिवशी मी बाहेरच्या बाकावर बसून होते. आत तिच्यासमोर टपाल वाटणाऱ्या एक बाई बसल्या होत्या, पन्नाशीच्या, निळसर करड्या डोळ्यांच्या. म्हणजे डोळ्याच्या. दिवस कलला तसे इतर उमेदवार एकेक करून बाहेर आले. मी दाराकडे बघत हातरुमालाची सुरळी करत राहिले. अगदी शेवटी निवांत आली आणि म्हणाली, "झाला. पापणीखालचं सोडलं." परीक्षकांनी दोन्ही डोळे उजेडात पाहिले आणि मान डोलावली. पास! माझा जीव भांड्यात पडला. मी तिथल्या तिथे ताईला फोन लावला आणि दोघी बहिणी पाच मिनिटं नुसत्या रडलो.

आता बाहेर मस्त जेवू म्हणून मी पर्स उचलली, तर हिने त्या टपालवाल्या बाईंना दुसऱ्याच दिवशी परत यायला सांगितलेलं.

"अगं, आता काय राहिलंय?"

"शिरा, मावशी. वरचा थर घासून काढायचा, तंतू लावायचे आणि परत थर द्यायचा. उद्या मी मोकळीच आहे."

"तुला वेड लागलंय का? पास झालीस ना! पापणीखालचं कोण बघणार आहे?"

"त्याच बघतील. धुवायला काढला की डोळा अख्खा दिसतो. जुना धुताना झाकलेला भाग पांढराफटक दिसायचा म्हणून त्या तोंड फिरवायच्या, मला आजच म्हणाल्या."

दुसऱ्या दिवशीही मी त्याच बाकावर बसले. या वेळी दार उघडं होतं. दुपार टळली, संध्याकाळ झाली, आणि माझ्यासारख्या बाईला एकदाही घड्याळ बघावंसं वाटलं नाही. काम झाल्यावर निवांतने डोळा धुऊन बाईंच्या तळहातावर ठेवला. बाई तो घेऊन खिडकीपाशी गेल्या. उलटसुलट करून त्यांनी तो चांगला पाहिला, अगदी सावकाश, आणि मगच बसवला.