आखाड्याचा नारळ

आमच्या जत्रेतल्या कुस्ती मैदानाची परवानगी माझ्या नावावर निघते. फौजेतून परत आलो तेव्हा गावानं यात्रा कमिटी माझ्या गळ्यात मारली आणि पोलीस ठाण्यात हमी म्हणून माझीच सही लागली. तेव्हापासून दोर कुठं बांधायचा, आत कुणाला सोडायचं, हे मी ठरवतो.

गेल्या साली चूक आमचीच झाली. चांदीची गदा देणारा प्रायोजक मिरजेहून आला आणि भिडेखातर आम्ही आखाड्याचा नारळ त्याच्या हातात दिला. आमच्याकडं नारळ फोडणारा त्या दिवसाचा यजमान. गडी तेच धरून बसला. लाल मातीच्या कडेला, जिथं म्हातारे वस्ताद मांडी घालून बसतात, तिथं त्यानं सोफे मांडले. त्याचे बाऊन्सर बुटांसकट मातीत उतरले आणि वस्तादांना दंडाला धरून मागं नेऊ लागले. मला लंगोट बांधायला ज्यांनी शिकवलं, तेही त्यांत होते. माझं डोकंच फिरलं.

"तुमची माणसं भाईर काढा," मी म्हणालो.

"मैदान आज माझं हाय. नारळ कुणी फोडलाय?" तो सोफ्यावरून उठलाही नाही.

तेवढ्यात मागं रेटलेल्या गर्दीच्या भारानं दोर तुटला. दोघंतिघं पडले, सुदैवानं खरचटण्यावर निभावलं. फौजदार शिट्टी फुंकत आत आले. "आयोजक कोण आहे इथं?"

यजमानानं चटकन माझ्याकडं बोट केलं. "आवं, ह्ये हायत की. मी निस्ती गदा दिलीया."

मला हसूच आलं. मी माईक ओढून घेतला. "ऐकलं न्हवं समद्यांनी? आयोजक मी हाय. बाऊन्सर भाईर. सोफं भाईर. वस्ताद, तुमी तुमच्या जाग्यावर या."

"मग गदा बी जाईल," तो गुरगुरला.

"न्या की. बॅनर बी न्या, दोऱ्या मी सोडतो."

गदा गाडीत बसून गेली. एक नंबरच्या कुस्तीच्या दोन्ही पैलवानांना मी सरळ सांगितलं, "बक्षीस न्हाई. जायचं तर जावा, राग न्हाई." एकानं वस्तादांकडं बघितलं, वाकून मूठभर माती उचलली आणि अंगाला लावली. मग दुसऱ्यानंही. कुस्ती गदेऐवजी नुसत्या मानाच्या नारळावर झाली आणि निकाली झाली.

खोबरं वाटताना दोराबाहेर एक बाऊन्सर ताटकळत उभा दिसला. मालक त्याला तिथंच विसरून गेला होता.

"बूट काढ आनि ये आत," मी म्हणालो.

त्यानं काढले.