घाटातला सगळ्यात हलका गिअर

माझा मित्र शशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी लॉजच्या काउंटरवर यात्रेकरूंना गरम पाण्याची वेळ सांगत होतो. फोन ठेवला आणि राहिलेलं वाक्य पूर्ण केलं… पहाटे पाच ते सात. तेव्हापासून असंच चाललंय, सगळं बिनचूक आणि बधिर.

शशी शाळेत गणित शिकवायचा. पन्नाशीत आम्ही दोघांनी सायकली घेतल्या. त्याची सात गिअरची, माझी एकवीसची. ती मी तुळजापुरात देवीच्या छबिन्यासारखी मिरवली. शशीनं शांतपणे तंबाखूचा चुना काढून माझ्या टायरला ठिपका लावला आणि पायडल एकदाच फिरवायला सांगितलं. पुढच्या चक्राला अठ्ठेचाळीस दाते, मागच्याला चोवीस. ठिपका रस्त्यावर उमटत चाकाच्या दोन फेऱ्या झाल्या. मग पुढं अठ्ठावीस, मागं चौदा. पुन्हा दोनच.

"पुढचे दाते भागिले मागचे, एवढाच खेळ. तुझे निम्मे गिअर जुळी भावंडं हायती," तो म्हणाला. मी म्हणालो, असू देत, घर तर भरलेलं दिसतं.

दर रविवारी आम्ही सोलापूरच्या बाजूचा घाट उतरायचो, खाली चहा घ्यायचो आणि परत चढायचो. चढताना शशी अर्ध्यातच उतरून सायकल ढकलायचा. हृदयाचं दुखणं झालं, डॉक्टरांनी सावकाश चालवायची मुभा दिली, तसा तो हट्टालाच पेटला. एकदा तरी पाय न टेकता घाट चढायचा. पुढचं चक्र बत्तीस दात्यांचं, मागचं सगळ्यात मोठं चौतीसचं बसवून घेतलं. म्हणजे पायडलची फेरी पुरी झाली तरी चाकाची होत नाही. त्याची बायको, सुनंदावहिनी, म्हणायच्या, एवढं हळू जायचं तर चालतच जावा की. पण घाट राहिला. शशी झोपेतच गेला…

महिन्यानं वहिनींनी ती सायकल माझ्यापुढं आणली. "त्यांचा हिशोब बरोबर होता का, तेवढं बघून या भाऊजी."

माझं वजन शशीहून चांगलंच जास्त. त्याच गिअरवर घाट चढायला लागलो. पाय भराभर फिरत होते, सायकल मुंगीच्या चालीनं. देवीला पायी निघालेल्या बायका मला मागं टाकून गेल्या. एरवी मी त्यांना नाटकातल्यासारखा मुजरा केला असता. त्या दिवशी काही सुचलं नाही. पायांना भार लागत नव्हता, मनालाही नाही. वर पोचलो तेव्हा पाय एकदाही टेकला नव्हता.

वहिनी दारातच उभ्या होत्या.

"चढला असता, वहिनी."

त्यांनी पदरानं हँडल पुसलं. "मग गिअर हाय तिथंच राहू द्या."

सायकल वहिनींच्या ओसरीवर आहे. रविवारी जाऊन मी चाकांत हवा भरतो. गिअरला हात लावत नाही.